डाव्या पायाचा बंदोबस्त

सगळा घोळ एका गुडघ्यापासून सुरू झाला, आणि तोही डाव्या.

कलमसाहेबांच्या उजव्या गुडघ्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. डावा मात्र सतरा वर्षं एकाच कामाला जुंपलेला होता, डिझेलच्या गाडीचा क्लच दाबायच्या. आणि ती काय गाडी होती? हत्तीण होती. घरात तिला हत्तीणच म्हणत. सकाळी ती सुरू झाली की गल्लीतल्या कपबशा फळीवर नाचायच्या आणि शेजारच्या आजोबांना घड्याळाची गरज उरायची नाही. तिचा क्लच दाबायचा म्हणजे गंजलेल्या तिजोरीचं दार पायाने ढकलायचं. एकदा नाही, सिग्नलागणिक.

"क्लच कायमचा सोडा," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"क्लच सोडला की गाडी पुढे जाते, डॉक्टर."

"मग गाडी सोडा."

हा शेवटचा सल्ला घरी न सांगण्याचा कलमसाहेबांचा विचार होता. पण बायको शेजारच्याच खुर्चीवर बसली होती आणि तिचे कान शाबूत होते.

आता ही माणसं कोण ते सांगते. कलमसाहेब पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क. नाव काही का असेना, खात्यात आणि गल्लीत सगळे त्यांना कलमसाहेबच म्हणत. कारण ह्या माणसाला साधं बोलता येत नसे. चहात साखर कमी पडली तरी ते "कलम एक, साखर" अशी सुरुवात करत. त्यांनी तयार केलेल्या मसुद्यात अडतीस वर्षांत कुणाला फट सापडली नव्हती, आणि याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा पोटच्या लेकीचाही नव्हता. (लेक बँकेत होती आणि वडिलांना ओळखून होती.)

बायको म्हणजे शिवणबाई. पुढच्या खोलीत तीन मशिनं, भिंतीला कापडं बेतायचे कागदी नमुने टांगलेले, दारापासून खिडकीपर्यंत चिंध्या. शिवणबाईंची शिलाई उसवत नाही ही गोष्ट अख्ख्या वस्तीला ठाऊक होती. शिवलेल्या कपड्यांची गाठोडी मात्र त्यांना बसने वाहून न्यावी लागत. घरात सात माणसांची गाडी होती, पण ती रविवारी मिळे. कुठला रविवार, ते कलमसाहेब कधी सांगत नसत.

म्हणून पंचावन्नाव्या वर्षी शिवणबाई ड्रायव्हिंग क्लासला गेल्या. रोज अकरा वाजता, उजळ माथ्याने, गल्लीतून सांगत सांगत. पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाल्या आणि लायसन्स त्यांनी बटणांच्या डब्यात ठेवलं. पण हत्तीण त्यांना झेपेना. पाय क्लचपाशी पोचवावा तर डोळे स्टिअरिंगच्या खाली जात. दोन उशा घेऊन डोळे वर काढावेत तर पाय हवेत. रस्ता आणि क्लच ह्या दोन गोष्टी त्या गाडीत बायकांना एकदम मिळत नसत. (ज्याने ती बनवली त्याच्या घरात बाई नसावी, किंवा असली तरी बोलत नसावी.)

त्यामुळे डॉक्टरीणबाईंचा सल्ला शिवणबाईंनी लगेच लेकीच्या कानावर घातला, आणि आठवड्याच्या आत लेकीने गाडी शोधली. लहानशी, पेट्रोलची, ऑटोमॅटिक, पिकल्या लिंबाच्या रंगाची.

कलमसाहेब आत बसले. पायाने खाली चाचपडले. मग वाकून पाहिलं.

"क्लच कुठाय?"

"नसतो, बाबा."

"म्हणजे बसवायचा विसरले?"

"ऑटोमॅटिकला नसतोच. गिअर तीच बदलते."

"मला न विचारता?"

"तुम्हाला न विचारता."

"मग डाव्या पायानं काय करायचं?"

"आराम."

"अडतीस वर्षं खात्यात काढली मी. मला आराम शिकवतेस?" (वास्तविक तिथे दुसरं काही शिकवत नाहीत.)

पण गुडघा ठणकत होता आणि दोन बायका दोन बाजूंनी उभ्या होत्या. गाडी ठरली. हत्तीण एका फरशीवाल्याने घेतली. त्याला फरश्या वाहायच्या होत्या, म्हणजे तिला शोभेल असंच काम होतं. किल्ली देताना कलमसाहेबांनी त्याला तासभर उभा धरला.

"किल्ली अर्धीच फिरवायची. पिवळा दिवा लागतो. इंजीन तापायची वाट पाहायची. मनात अकरापर्यंत मोजायचं आणि मग लावायची. दहाला लावलीत तर खोकते."

"आणि बाराला?"

"बाराला तिला अपमान वाटतो."

फरशीवाला भला माणूस. त्याने मान डोलावली, हत्तीणीत बसला आणि काहीही न मोजता ती सुरू केली. ती एका दमात सुरू झाली. हा घाव कलमसाहेब कुणालाही न दाखवता घरी घेऊन आले.

घरी वेगळीच पंचाईत होती. शिवणबाईंनी नवी गाडी अंगणात फिरवून पाहिली होती. त्यांचे पाय पुरले होते, डोळ्यांना रस्ताही दिसला होता. आता त्या किल्लीसाठी हात पुढे करून उभ्या होत्या.

"अगं, नवी गाडी आहे. आधी मला तिचा स्वभाव कळू दे."

"किती दिवसांत कळेल?"

"बघू की."

"रविवारपर्यंत?" शिवणबाईंनी विचारलं. ज्या आवाजात त्यांनी ते विचारलं, तो ऐकून कलमसाहेबांना वाटलं की आता लेखी काहीतरी केलेलं बरं. तेव्हा त्यांनी रात्रीचं जेवण होईतो करारनामा तयार केला.

कलम एक : नवी गाडी तीस दिवस कलमसाहेब चालवतील. कलम दोन : या मुदतीत, म्हणजे तिसाव्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत, गाडी चालवताना त्यांची किमान चार माणसांदेखत फजिती झाल्यास किल्ली कायमची शिवणबाईंची. न झाल्यास किल्ली कायमची कलमसाहेबांची, व हा विषय घरात पुन्हा काढू नये. कलम तीन : 'माणूस' या शब्दात पशू, पक्षी व शाळकरी मुले धरू नयेत. कलम चार : हरणाऱ्याने यापुढे मागच्या सीटवर बसावे व मार्गदर्शन करू नये. (हे चौथं कलम त्यांनी बायकोला डोळ्यांसमोर ठेवून, मोठ्या समाधानाने लिहिलं.)

"चारच का?" शिवणबाईंनी विचारलं.

"तिघं संगनमत करू शकतात."

"आणि फजिती झाली हे ठरवणार कोण?"

"मीच. साक्षीदार मोजणार मी आणि नोंद करणार मी. खात्यातला माणूस खोटं लिहीत नाही." (बोलतो. लिहीत नाही.)

शिवणबाईंनी कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा फक्त तिसरं कलम वाचलं. मग कानावरचा खडू काढून सही केली, कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच वळणावर, कलमसाहेबांच्या डाव्या पायाने सतरा वर्षांच्या सवयीने क्लच दाबला. तिथे क्लच नव्हता. तिथे रुंद, ऐसपैस ब्रेक होता आणि तो पाय तिजोरी ढकलायच्या जोराने त्याच्यावर पडला. गाडी जागच्या जागी थिजली. लेकीचं नाक पुढच्या सीटवर आपटलं, शिवणबाईंची पिशवी काचेपर्यंत जाऊन आली, आणि खुद्द कलमसाहेबांनी हनुवटीने हॉर्न वाजवला.

"फजिती," शिवणबाई म्हणाल्या.

"दोन साक्षीदार," हनुवटी चोळत कलमसाहेब म्हणाले. "पुढे चला."

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली अर्धी फिरवली, अकरापर्यंत मोजलं आणि पुरी फिरवली. कसलाच आवाज नाही. पुन्हा फिरवली. खर्र झालं. पुन्हा अकरा मोजले, पुन्हा खर्र. शेवटी त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. तो हातातला चहा तसाच टाकून आला. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाला, "साहेब, ती चालू आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा लावलीत तेव्हापासून."

"मग सांगत का नाही ती?"

"पेट्रोलच्या गाड्या सांगत नाहीत, साहेब."

शिवणबाई खिडकीत उभ्या होत्या. "मेकॅनिक एक, मी दोन, भिंतीवरचं मांजर तीन."

"कलम तीन," कलमसाहेब म्हणाले. "पशू."

असं चाललं होतं. भाजीबाजारात गिअर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, ठेवून ते पाच मिनिटं अॅक्सिलरेटर दाबत बसले, तेव्हा तीन माणसं आणि दोन कुत्री होती. दवाखान्यासमोर त्यांच्या डाव्या पायाने पुन्हा ब्रेक शोधला, तेव्हा तीन माणसं आणि शाळेची एक संबंध रांग होती. रांगेतली मुलं पोट धरून हसली, पण ती शाळकरी पडली. रोज रात्री कलमसाहेब वहीत नोंद करत आणि शिवणबाई मशिनवरून विचारत, "आज किती?"

"तीन."

"उद्या बघू," असं म्हणून मशीन पुन्हा धावायला लागे.

विसाव्या दिवशी मात्र कलमसाहेबांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. दोष गाडीचा नव्हता, गाडीत दोष नव्हताच. उजव्या पायाचंही वर्तन चांगलं होतं. गुन्हेगार एकच होता. तेव्हा ते पुढच्या खोलीत आले आणि छताकडे पाहत म्हणाले, "अगं, दीड इंची इलॅस्टिकचा एक पट्टा शिवून हवा होता. हातभर. दोन्ही टोकांना हुक."

"कशाला?"

"खात्यात. फायली बांधायला."

शिवणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग टेप काढली आणि नवऱ्याच्या घोट्याचं माप घेतलं.

"फाईल एवढी जाड आहे ना?"

"साधारण," कलमसाहेब म्हणाले आणि लाल झाले.

त्यांनी पट्टा शिवला. दुहेरी शिलाई, वरून आडवी टीप, आणि हुक असे की बैल बांधावा. कलमसाहेब रोज गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी थांबवत, डाव्या पायातला बूट काढत (बुटावरून पट्टा निसटे), पायाला पट्टा घालत आणि हुक सीटखालच्या दांडीला अडकवत. पोचल्यावर इकडेतिकडे बघून हुक काढायचा. डाव्या पायाचा असा बंदोबस्त झाल्यावर गाडी लोण्यासारखी चालायला लागली. एकविसावा दिवस गेला, पंचविसावा गेला, एकोणतिसावा गेला. वहीत एकाखाली एक शून्यं पडली. कलमसाहेब आंघोळ करताना गायला लागले, आणि शिवणबाईंच्या मशिनचा आवाज, तुम्हाला म्हणून सांगते, जरा मंदावला. तिसावा दिवस सरला की पुन्हा बस होती, पुन्हा गाठोडी होती आणि पुन्हा रविवार होता.

तिसावा दिवस शनिवारी आला. शिवणबाईंनी एका शाळेच्या नाटकाचे कपडे शिवले होते. राजा, राणी, सहा शिपाई, चार झाडं, एक ढग आणि एक सिंह, मिळून चौदा. नाटक पाचला होतं, कपडे चारच्या आत पोचायला हवे होते. सिंहाचं डोकं तेवढं वेगळं होतं, घागरीएवढं, लोकरीची आयाळ लावलेलं. ते कुठेच मावेना.

"बसने कशी नेशील?" कलमसाहेब उदार होऊन म्हणाले. "मी सोडतो. आज माझ्याकडून."

कपडे मागे भरले आणि कपड्यांत शिवणबाई बसल्या. ढग कापसाचा होता. तो सगळ्यांच्या वर आला आणि त्याखाली बाई दिसेनाशी झाली. नवा बूट ओरखडायला नको म्हणून कलमसाहेबांनी डावा बूट घरीच ठेवला, पट्टा अडकवला आणि शीळ वाजवत निघाले. सहा वाजायला तीन तास उरले होते.

वाटेत डॅशबोर्डवर पंपाचं लहानसं चित्र पेटलं. पेट्रोल संपत आलं होतं. समोरच त्यांचा नेहमीचा पंप होता. दुपारची वेळ, चिटपाखरू नाही. आणि आता नीट ऐका. त्या माणसाने डावा पाय बांधला होता, पण हात मोकळे होते. सतरा वर्षं ज्या मशिनकडे ते हात वळले होते, त्याच कोपऱ्यातल्या डिझेलच्या मशिनकडे ते आपोआप वळले.

पंपावरच्या बाई हसत पुढे आल्या. "साहेब! हत्तीण कुठाय?"

"विकली. ही नवी."

"गोड आहे हो. नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच. फुल्ल."

"बंद केलीत ना गाडी?"

"आवाज येतोय का?"

बाईंनी कान दिला. कोपऱ्यात हवेचं मशीन धडधडत होतं आणि त्यापाशी हवावाले काका स्टुलावर बसले होते. बाकी काही ऐकू येत नव्हतं. "नाही."

"मग?"

दोघांनाही हत्तीणीची सवय. जी ऐकू येत नाही ती बंद, असा त्यांचा सतरा वर्षांचा हिशेब. गाडी चालू होती. गिअरही पुढे जायच्या घरात होता. ती जागेवर थांबली होती ती केवळ कलमसाहेबांच्या उजव्या पायामुळे. तो ब्रेकवर होता, कारण हत्तीणीचा हँडब्रेक नऊ वर्षांपूर्वी वारला होता आणि तेव्हापासून असली कुठली वस्तू गाडीत असते हे ते विसरून गेले होते.

"अहो, कुठल्या रांगेत घेतलीत?" ढगाखालून आवाज आला.

"नेहमीच्या!"

मागून पंपावरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, नळी आत जात नाही."

"नवी गाडी आहे. घट्ट असणारच. जोर लावा."

"लावला."

"जरा फिरवून लावा."

"फिरवली. तोंडच लहान आहे हिचं."

"थांबा. तुम्हाला नाही जमायचं," असं म्हणून (हे वाक्य त्यांनी आयुष्यात कितीतरी बायकांना ऐकवलं होतं) कलमसाहेबांनी दार उघडलं, ब्रेकवरचा उजवा पाय उचलला आणि ऐटीत जमिनीवर टेकवला.

डावा पाय आतच राहिला. आणि गाडी निघाली.

वेगात नाही हं. चिमुकली गाडी ती, रमतगमत निघाली, जेवण झाल्यावर शतपावलीला निघावं तशी. तिच्या उघड्या दाराला धरून कलमसाहेब एका पायावर टुणटुण उड्या मारत शेजारून चालले होते. त्यांनी आत झेप घेतली की पट्टा सैल पडे, झेप चुकली की पट्टा ताणला जाऊन त्यांना पुन्हा दारावर आपटे. मागून पंपावरच्या बाई नळी धरून चालत होत्या आणि ओरडत होत्या, "साहेब, भरू की नको?"

"थांब! थांब म्हणतो ना!" कलमसाहेब गाडीवर खेकसले. खात्यात ह्या आवाजाला शिपाई उभे राहत. गाडी राहिली नाही. समोर आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या लाल बादल्या ओळीने टांगल्या होत्या आणि गाडी ओळखीचं कुणी दिसावं तशी सरळ त्यांच्याकडे निघाली होती.

तेवढ्यात मागच्या सीटवरचा ढग फाकला. त्यातून आधी एक हात आला, मग खांदा आला, मग शिवणबाई कमरेपर्यंत पुढे आल्या आणि त्यांनी दोन सीटांमधला हँडब्रेक खस्सकन वर ओढला. लगेच हात लांबवून किल्लीही फिरवली. ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

गाडी थांबली. बादल्या वीतभर राहिल्या होत्या.

पंपावरच्या बाईंनी टाकीच्या झाकणाची आतली बाजू पाहिली आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अगंबाई, हे तर पेट्रोल लिहिलंय इथं! एवढं ठळक!" हवावाले काका स्टुलावरून उठून जवळ आले होते. "मी सगळं पाहिलं," ते म्हणाले. त्यांना दिवसभरात एवढं काही पाहायला मिळत नसे.

शिवणबाई खाली उतरल्या. डोक्याला कापूस चिकटलेला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. उजवा पाय बाहेर, डावा आत, दोन्ही हात दारावर, आणि मध्ये त्यांच्याच हातची दुहेरी शिलाई.

"फायली बांधायला नेलात ना हा?"

"अगं, हुक अडकलाय. आधी सोडव."

"आधी मोजा."

"काय मोजू?"

"साक्षीदार. सहा वाजले नाहीत अजून."

कलमसाहेबांच्या मेंदूत एकदम उजेड पडला. दारावर लटकलेल्या अवस्थेत त्यांनी चहूकडे पाहिलं. "पंपावरच्या बाई, एक. हवावाले काका, दोन. तू, तीन." पुन्हा पाहिलं. रस्ता मोकळा होता. "तीन! अगं, तीनच! तीनच आहेत!" आणि तो माणूस एका पायावर, बांधलेल्या अवस्थेत, आनंदाने नाचला.

"तारेवर कावळा आहे."

"पक्षी. कलम तीन."

"आणि आतला सिंह?"

"पशू. त्यातून कापडाचा."

"बरं," शिवणबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून करारनामा काढला आणि आपली मोठी कात्रीही काढली. "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही इथे होतात ना? की पाहिलंच नाहीत?"

"अगं, मी... माझीच तर झाली ना..."

"कलम तीनमध्ये पशू वगळलेत. पक्षी वगळलेत. पोरंबाळं वगळलीत. गाडी चालवणारा वगळलेला मला कुठे दिसत नाही." त्यांनी कागद नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "तेव्हा एवढंच सांगा. तुम्ही माणसांत मोडता की नाही? नाही म्हणालात तर तीन झाले, किल्ली तुमची. हो म्हणालात तर चार."

कलमसाहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. अडतीस वर्षांत सापडली नव्हती ती फट तिथे होती, दारासारखी सताड, आणि त्या दारात त्यांची बायको कात्री घेऊन उभी होती.

"साहेब, सांगून टाका ना," पंपावरच्या बाई म्हणाल्या. "नळी धरून हात भरून आला माझा."

"घाई नको," हवावाले काका म्हणाले. "प्रश्न सोपा नाही."

कलमसाहेबांनी आधी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग वाळूच्या बादल्यांकडे पाहिलं. मग त्या वीतभर जागेकडे, जिथे एका हाताने गाडी अडवली होती. आता नाही म्हणता आलं असतं, खोटं बोलता आलं असतं. पण नोंद लेखी करायची होती.

"धरा," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"मला माणसांत धरा!"

"लिहा."

त्यांनी तसंच लटकत, बायकोच्या कानावरच्या खडूने, बायकोच्या हातातल्या कागदावर लिहिलं : चौथा साक्षीदार, स्वतः. माणूस. खाली झोकदार सही केली. मग शिवणबाईंनी कात्री चालवली. पट्टा कापला गेला, शिलाई उसवली नाही.

दुसऱ्या मशिनवर पेट्रोल भरून घेतलं आणि शिवणबाई पुढे बसल्या. आरसा आपल्याकडे वळवला, सीट पुढे ओढली आणि गाडी रस्त्याला काढली. चौथ्या कलमाप्रमाणे कलमसाहेब मागे, ढगाखाली. सिंहाचं डोकं मांडीवर राहीना, पायाशी मावेना, शेवटी त्यांनी ते घातलं. आत लोकरीचा वास होता, पण बरं वाटत होतं. गुडघा मुळीच दुखत नव्हता. एका वळणावर त्यांचा डावा पाय सवयीने दाबला गेला, पण तिथे राणीचा घोळदार झगा होता. झग्याने काही म्हटलं नाही. पुढे शिवणबाई गुणगुणत होत्या. सतरा वर्षांत त्या गाडीत कधी गुणगुणल्या नव्हत्या, की हत्तीणीच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं, ह्याचा कलमसाहेब सिंहाच्या डोक्यात बसून विचार करत राहिले. मार्गदर्शन त्यांनी केलं नाही. एकदाच "सिग्नल" म्हणाले, पण आयाळीतून ते बाहेर पोचलं नाही.

पावणेचारला गाडी शाळेच्या फाटकापाशी लागली. पहारेकरी जाडजूड वही घेऊन आला.

"नाटकाचे कपडे ना, बाई? गाडीत माणसं किती?"

शिवणबाई उत्तर देणार तेवढ्यात मागून आवाज आला, "दोन!"

पहारेकऱ्याने काचेला नाक लावलं. ढगाच्या पोटातून सिंह त्याच्याकडे पाहत होता.

"हे कोण?"

"घरचेच आहेत," शिवणबाई म्हणाल्या.

"दोन लिहा!" सिंह गरजला. "मला माणसांत धरलेलं आहे! कागद आहे! सहीसकट!"

पहारेकरी नोंदी ठेवणारा माणूस होता. डोळ्यांनी दिसेल तेच लिहायचं, हा त्याचा नियम होता. त्याने पुन्हा एकदा आत नीट निरखलं, वरपासून खालपर्यंत, आणि सावकाश लिहून घेतलं :

माणूस एक, बाई, गाडी चालवणारी. सिंह एक. डाव्या पायात बूट नाही.